बारा आण्यांचा माज

डहाणूच्या एका चिकूवाडीचे शेठ परवा कपाळाला हात लावून बसले होते. "मजुरांच्या मागण्या विचारू नका. महालक्ष्मीची जत्रा लागली की सगळ्यांना एकदम सुट्टी. सुट्टी तर सुट्टी, वर उचल!" टेबलावर प्रसादाचा पुडा होता. शेठ जत्रेच्या पहिल्याच दिवशी सहकुटुंब विवळवेढ्याला जाऊन आले होते. त्यांना फक्त उचल लागली नव्हती.

शेठ नुकतेच कसल्याशा शिबिराला बसून आलेत. अवाजवी मागणी आली की आवाज चढवायचा नाही, समोरच्याला मान द्यायचा, म्हणणं नोंदवून घ्यायचं. सल्ला झकास आहे. या मुलखात तो पोचायला ऐंशी वर्षं उशीर झाला, एवढंच.

तलासरीजवळच्या झरी गावात 23 मे 1945 रोजी पाचेक हजार वारली जमले. सोबत किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर. मागण्या ऐका. वेठ, म्हणजे फुकट राबणं, बंद. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून बायकोसकट सावकाराकडे जन्मभर राबायचं, ती लग्नगड्याची पद्धत बंद. आणि दिवसाची मजुरी बारा आणे. मालकांच्या लेखी हा माजच. फुकटच्या कामाला दाम मागायचा म्हणजे झालंच की!

पुढे गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, हा वारल्यांचा भाव. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर, वाकून, विळ्याने. भाव मिळेना तेव्हा त्यांनी विळे खाली ठेवले. शिबिरात शिकवतात तो संयम तो हाच असावा.

मालकपक्षाचा संयम मात्र वेगळ्या जातीचा. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ही सगळी हकिगत लिहिली आहे. मालकांनी वारल्यांमध्ये खोटाच निरोप फिरवला, बाईंसाठी तलवाड्याला जमा. तिकडे पोलिसांना वर्दी, हत्यारबंद जमाव चालून येतोय. 10 ऑक्टोबर 1945. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. बाई तलवाड्यात नव्हत्याच.

संप मोडला नाही. पुढच्याच वर्षी जंगलकामाला दिवसाचा सव्वा रुपया लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेने कबूल केला. काल माज होता, आज दर झाला. व्यापारी बुडाल्याचं काही ऐकिवात नाही.

मी हे सांगत होतो तोवर एक गडी पडवीत येऊन उभा राहिला. खांद्यावर चिकू काढायची जाळीची काठी, हाताला चिकाचे काळे डाग. शेठ एरवी त्याला "काय रे" म्हणतात. आज खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपलं म्हणणं मी नोंदवून घेतलं आहे."

गड्याने मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं.

"नोंदवा शेठ," तो म्हणाला, "जत्रा उठली का येतो मी." आणि काठी भिंतीला टेकवून निघाला.