ओळ न् ओळ तपासा

डेबियनच्या स्टेबलमध्ये अमुक पॅकेजचं नवं व्हर्जन कधी येणार, असं विचारणाऱ्यांना एकदा स्पष्ट सांगायला हवं: सहसा येत नाही, आणि येत नाही तेच बरं.

स्टेबलमध्ये येते ती दुरुस्ती. नव्या व्हर्जनमधला नेमका तेवढा पॅच काढायचा आणि जुन्यावर बसवायचा. दुरुस्ती आधी अनस्टेबलमध्ये गेलेली हवी. मग रिलीज टीमकडे अर्ज: बदल कशासाठी, न केल्यास वापरणाऱ्याचं काय अडेल, चाचण्या कोणत्या केल्या, धोका किती. सोबत डेबडिफ, म्हणजे जुन्या-नव्या सोर्समधला ओळ न् ओळ फरक. होकार मिळाला की पॅकेज प्रपोज्ड-अपडेट्समध्ये जातं आणि पुढच्या पॉइंट रिलीजला सगळ्यांपर्यंत पोचतं.

दोन ओळींसाठी एवढा खटाटोप? हो, दोन ओळींसाठीच. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये एका टूलची वॉर्निंग बंद करायला दोन ओळी कमेंट केल्या गेल्या. त्यासरशी किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास संपली. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. ते पॅकेज २००७च्या एच रिलीजमध्ये गेलं. चूक उघडी पडली मे २००८मध्ये, आणि जगभरच्या अॅडमिनना एसएसएचच्या किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

चाळणीतूनही खडे निसटतात, हे मान्य. डिसेंबर २०२३मध्ये डेबियनच्या १२.३ या पॉइंट रिलीजसाठीच्या कर्नलमध्ये ईएक्सटी४वरचा डेटा खराब करणारा बग सापडला. इमेज थांबवाव्या लागल्या आणि थेट १२.४ आलं. पण याचा अर्थ चाळणी फेकून द्या असा होत नाही. चाळणारे हात वाढवा असा होतो.

डेबियनवरच आधारलेल्या उबंटूमध्ये दुरुस्ती साधारण किमान सात दिवस प्रपोज्डमध्ये राहते आणि कुणीतरी ती वापरून 'बग गेला' असं नोंदवल्याशिवाय पुढे सरकत नाही. हे 'कुणीतरी' तुम्ही का नाही? उशिराबद्दल कुरकुरणारे ढीगभर, तपासणारे मूठभर. जास्तीच्या मशीनवर प्रपोज्ड-अपडेट्स चालू करा, तुमचं रोजचं काम त्यावर करा, मोडलं तर बग नोंदवा, चाललं तर तेही कळवा. दुरुस्ती लवकर हवी असेल तर हाच रास्त मार्ग आहे.