आईचे~१

एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली संगणकात, विंडोज ९८ चालवायला डिस्क कोणत्या प्रकारची असावी, यावर माझं ठाम मत आहे आणि ते न विचारता सांगायची मला खोड आहे. परवा भाचा तावडीत सापडला. "क्यूएमूत 'रॉ' घेतलीस तर दोन जीबीची डिस्क म्हणजे दोन जीबीची फाइल, सरळ हिशेब. 'क्यूकाऊ टू' लिहिशील तेवढीच फुगते, स्नॅपशॉटही ठेवते. पण आतलं पुसलं म्हणून आपण होऊन बारीक होत नाही." इथे मी स्वतःच्या पोटाकडे बघायचं टाळलं. "डॉसबॉक्स नुसत्या फोल्डरलाही सी ड्राइव्ह मानतो, पण विंडोज ९८ त्यावरून बूट होत नाही. त्याला डिस्कची इमेज लागतेच."

"मामा, गेम कोणते आहेत?"

गेम नाहीत. एक टीबीच्या एसएसडीवर मी दोन जीबीची फॅट१६ डिस्क बाळगतो. तीत क्लस्टर ३२ केबीचा. 'दूध आणणे' एवढी चिठ्ठीही ३२ केबी अडवून बसते. फॅट३२ १९९६ मध्येच आलं होतं, पण जुनं तेच अस्सल, अशी माझी मिजास.

आणि डॉसमधली ती नावं! आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, खेळ खलास. विंडोज ९५ ने लांब नावं चालवून घेतली, तरी डॉससाठी एक आखूड नाव ठेवलंच: पहिली सहा अक्षरं, नागमोडी शेपटी, आकडा. 'आईचे' रोमनमध्ये बरोबर सहा अक्षरांत बसतं. म्हणून 'आईचे पदार्थ' झाले आईचे~१, 'आईचे हिशेब' आईचे~२, 'आईचे पत्र मावशीला' आईचे~३. डॉसच्या काळ्या खिडकीत सगळीकडे आईच. कोणती उघडली की ओरडा बसेल, हे आकड्यावरून कळत नाही. घरीही कुठे कळायचं?

ती सांगायची, मी टाइप करायचो. त्या फाइली आजही उघडतात, पण फाँट युनिकोडच्या आधीचा. तेव्हा प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं. तो फाँट नसला की पुरणपोळीच्या जागी कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं. घराघरांतली, छापखान्यांतली कितीतरी मराठी अशी पडून आहे आणि कुणाला सोयरसुतक नाही, याचा मला खरोखर राग येतो. तो फाँट, ते सॉफ्टवेअर आणि दोघांना सांभाळून घेणारं विंडोज ९८, एवढ्यासाठी हा सगळा थाट.

तेव्हा न विचारता सांगतो: इमेज रॉच ठेवा, ती बहुतेक एम्युलेटरना समजते. आतला मजकूर एकदा युनिकोडमध्ये करून घ्या. आणि मूळ इमेजची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. एसएसडी बंद पडण्याआधी कळवतेच असं नाही.