पाळलेल्या सापाची रात्र

बॉल पायथन पाळणारा आधी टायमर घेतो: 12 तास उजेड, 12 तास काळोख. निशाचराला उजेड कशाला? दिवस कळल्याशिवाय रात्र कळायची कशी! या आफ्रिकी पाहुण्याची सरकारदरबारी नोंदणीही लागते. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामांच्या भिंतीवर पालींच्या मागावर निघणारा कवड्या सापही निशाचरच. पण तो देशी आणि फुकटचा, म्हणून त्याच्या वाट्याला रात्रभर फ्लडलाइट. चोरांचं काय, असं कुणी विचारेल. रास्त आहे. पण दिव्याचं तोंड जमिनीकडे वळवून हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, तर चोरही दिसतो आणि काळोखही उरतो. काचपेटीला टायमर परवडतो, पण गोदामाला सेन्सर परवडत नाही, हे कुणी सांगू नये.