थेंबभरच

ख्राइस्टचर्चला लेकीकडे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळचे सहा वाजले होते, म्हणजे आमच्या पोटातल्या घड्याळाप्रमाणे पुण्यात रात्रीचे साडेदहा. जाग आली असं म्हणवत नाही, कारण झोप लागलीच नव्हती. कुंपणापलीकडून आवाज येत होता. खट्‌... सर्रर्र... खट्‌. पुन्हा खट्‌... सर्रर्र... खट्‌. मी कुंपणावरून डोकावलो. ट्रेलरवर ॲल्युमिनियमची एक बोट, बोटीत आखूड चड्डी घातलेला सत्तरीचा एक उंच माणूस, हातात एक दांडा. मान तिरकी, डोळे मिटलेले. तानपुरा लावताना गवयाचा चेहरा होतो, तसाच. दांडा पूर्ण पुढे, दांडा पूर्ण मागे. वीस वेळा. मग डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ‘मॉर्निंग, मेट. शी इज अ बिट स्टिफ टुडे’ म्हणून पुन्हा डोळे मिटले.

इंग्रजीत अरे-तुरे नसतं, असं आपल्याला शाळेत शिकवतात. त्यात तथ्य नाही. न्यूझीलंडच्या माणसाने ‘मेट’ म्हटलं की ते शुद्ध ‘काय रे’ असतं. तेव्हा त्याचं बोलणं मी इथे अरे-तुरेतच देणार आहे. नातवाने त्याचं नाव ठेवलं होतं ग्रीस-आजोबा, आणि तीन महिने आम्हीही तेच वापरलं.

बोट होती जेटबोट. बाहेर पंखा नाही. नदीचं पाणी तळातल्या जाळीतून आत ओढायचं, आतल्या पंख्याने दाबायचं आणि मागच्या तोटीतून जोरात फेकायचं. त्या धारेच्या रेट्यावर बोट पळते. म्हणून वीतभर पाण्यातूनही ती दगडगोट्यांवरून सपासप जाते. ही करामत त्यांच्याकडच्याच एका मेंढपाळाची. बिल हॅमिल्टन. दक्षिण बेटावरच्या आयरिशमन क्रीक नावाच्या कुरणात राहायचा, दाराशीच्या उथळ नद्यांतून वर जायची त्याला हौस, आणि 1954च्या सुमाराला त्याने हे जमवलं. पहिल्यांदा धार पाण्याखाली सोडायचा. ती पाण्याच्या वर सोडल्यावर बोट खरी पळायला लागली. 1960 साली त्याच्या बोटींनी अमेरिकेत जाऊन कोलोरॅडो नदीचं ग्रँड कॅन्यन उलट्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध पार केलं. हे सगळं सांगताना, उस्तादाचं नाव आलं की गवई कानाच्या पाळीला हात लावतात ना, तसा हा माणूस त्याच ग्रीसच्या बोटांनी टोपीला हात लावायचा. टोपीवर काळ्या बोटांचे इतके ठसे होते की मूळ रंग कोणता, यावर आमच्या घरात दोन मतं होती.

पण ग्रीस-आजोबांचा जीव इंजिनात नव्हता, तोटीतही नव्हता. तो होता तीन केबलींत. एक पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरची. एक स्टिअरिंगची, जी मागची तोटी डावी-उजवीकडे वळवते. आणि तिसरी बकेटची. बकेट म्हणजे धारेवर वरून खाली येणारं झाकण. ते पूर्ण खाली आलं की धार उलटी पुढच्या बाजूला वळते आणि बोट मागे जाते. अर्ध्यावर ठेवलं की बोट जागच्या जागी उभी. या बोटीला न्यूट्रल असा गिअर नसतोच, जे काय ते बकेटच्या भरवशावर. मी सकाळी ऐकला तो दांडा याच बकेटचा.

‘इंजिन बंद पडलं तर कळतं,’ तो म्हणायचा. ‘आवाज थांबतो. केबल सांगत नाही रे. मुकाट्याने गंजते.’

आणि मग तो त्याचा ठेवणीतला शब्द यायचा: ‘जस्ट अ ड्रॉप’. थेंबभरच. तेलाचा थेंब, ग्रीसचा ठिपका, दुधाचा चहात पडणारा थेंबसुद्धा. हा थेंबभर शब्द वेळेच्या बाबतीत मात्र फार सैल होता. ‘थेंबभर बघून येतो’ म्हणून शेडमध्ये गेलेला माणूस जेवायच्या वेळेला बाहेर यायचा.

शेडमध्ये भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर सगळं टांगलेलं. प्रत्येक पान्याच्या मागे भिंतीवर त्याची पेन्सिलने काढलेली आकृती, म्हणजे पाना जागेवर नसला की त्याचं भूत दिसावं. तेल-ग्रीसचे चार डबे, चौघांचे धर्म वेगळे. पाण्यात टिकणारं बोटीचं ग्रीस बॉल जॉइंटला. पातळ तेल केबलच्या बाहेर येणाऱ्या दांडीला. बाकी दोन कशाला, ते मला तीन महिन्यांत दोनदा समजावलं, आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली. एक वहीही होती. कुठल्या तारखेला कुठल्या टोकाला ग्रीस, कॉटर पिन कधी बदलली, केबलच्या तोंडावरचा रबराचा बूट कुठे चिरला. त्याच्या लग्नाची तारीख त्याला दोनदा चुकीची सांगताना मी ऐकलंय.

आमच्या जावयाने एकदा गॅरेजच्या बिजागरीवर निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-40 मारलं. कुंपणावरून ग्रीस-आजोबांनी पाहिलं. आपल्याकडे घरात चप्पल घालून देवघरासमोर उभ्या राहिलेल्या माणसाकडे आजी पाहते, तसं पाहिलं. मग अर्धा तास व्याख्यान. 1953 साली अमेरिकेत रॉकेटच्या गंजावर उपाय म्हणून ते निघालं. नावातला डब्ल्यूडी म्हणजे पाणी हाकलणं आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. ‘पाणी हाकलायचं औषध आहे ते! टिकणारं वंगण नाही! पाहुणे हाकललेस, पण घरात राहणार कोण?’ जावई सॉफ्टवेअरवाला. त्याने मान खाली घातली आणि आठवडाभर गॅरेज वापरलं नाही.

तरी ग्रीस-आजोबांचं खरं दुःख वेगळं होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. नव्या केबली आता बंद येतात. आतल्या तारेला प्लास्टिकचं अस्तर, वंगण कारखान्यातूनच भरलेलं, दोन्ही तोंडं सीलबंद. वर कंपनीची सूचना, की आत काही घालू नका; आखडली तर बदला. म्हणजे या माणसाने करायचं काय? बाहेरची टोकं पुसायची, दांडीला हात फिरवायचा, बॉल जॉइंटला ठिपका लावायचा, केबल कुठे इंजिनला चिकटून तापत नाही ना, कुठे फार आखूड वळण घेत नाही ना, ते पाहायचं. झालं. दहा मिनिटांचं काम. लेकीचं लग्न झाल्यावर बाप तिच्या घरी जाऊन नळ गळतोय का बघतो, त्यातला प्रकार.

म्हणून त्याने एक जुनी केबल जपून ठेवली होती. त्याच बोटीची, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, अ‍ॅक्सिलरेटरची. लोखंडी आऊटर, आत नुसती तार. शेडच्या दारामागे उभी टांगलेली. बोटीला तिचा काडीचा उपयोग नव्हता. दर रविवारी तो तिच्या वरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळं बांधायचा, रबरबँडने घट्ट करायचा, आत तेल ओतायचा आणि खाली डबा ठेवायचा. सोमवारी खालच्या टोकाला थेंब आला की वहीत बरोबरची खूण.

ते नरसाळं पाहिलं आणि मी थेट सांगलीत जाऊन पडलो. आमचे नानाकाका! चेतकचा नंबर लागायला त्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं होतं, त्यामुळे स्कूटर घरात आली ती नवसाच्या मुलासारखी. रविवारी सकाळी क्लचची केबल काढून व्हरांड्याच्या दाराच्या वरच्या कडीला टांगायची, तोंडाला दुधाच्या पिशवीचं नरसाळं सुतळीने आवळायचं, आणि आत काकूच्या शिलाई मशीनचं तेल. काकू ओरडायची, तेल कुठे गेलं म्हणून. खाली वर्तमानपत्र. काका रात्री दोनदा उठून बॅटरी मारून बघायचे, ‘उतरलं का?’ लहानपणी मला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे आणि सलाइन लावलंय. एवढं करून केबल तुटायची ती तुटायचीच, एकदा तर भर पावसात अंकलीच्या पुलावर. पण डिकीत दुसरी तयार असायची, आणि तीही वंगण घातलेली. हे मी ग्रीस-आजोबांना सांगितलं. त्याने वाकून, गंभीर आवाजात एवढंच विचारलं, ‘सुतळी? गळायचं नाही?’

शी इज स्टिफ टुडे या वाक्यावरून एक घोटाळा झाला तो सांगितलाच पाहिजे. आमच्या हिने ते वाक्य कुंपणाआडून रोज ऐकलं. ‘शी’ आज आखडलीय, ‘शी’ काल बरी होती, थंडीत ‘शी’ला फार त्रास होतो. हिला वाटलं, बायकोबद्दल बोलतोय. त्याची बायको गुडघे धरून चालायचीच. झालं, हिने तिळाचं तेल कोमट करून बाटलीत भरलं आणि गेली शेजारी. त्या बाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या पायरीवर बसून हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘अगं, तो बोटीबद्दल बोलतो. माझे गुडघे कसे आहेत, हे विचारणारी अकरा वर्षांत तू पहिलीच.’ तेल मात्र त्यांनी ठेवून घेतलं. संध्याकाळी ग्रीस-आजोबा कुंपणापाशी आले. बाटलीचं बूच उघडून दोन बोटांत तेल चोळून पाहिलं, वास घेतला. ‘हे प्लास्टिकला चालतं का रे?’

तीन महिन्यांत बोट पाण्यात किती वेळा गेली? एकदा. वायमाकारिरी नदी त्यांच्या गावाच्या उत्तरेलाच. शंभर वेण्या सोडल्यासारखी रुंद पात्रात पसरलेली, मध्ये खडीची बेटं, दूर आल्प्सवर बर्फ. मला लाइफजॅकेट चढवून त्याने एक नियम सांगितला, आणि तो ऐकून पुण्यातल्या रहदारीत ब्रेकवर वाढलेला माझा उजवा पाय गारठला. ‘समोर दगड दिसला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. सोडलास तर धार बंद. धार बंद तर स्टिअरिंग बंद. मग तू फक्त प्रवासी.’ म्हणजे संकट आलं की पाय दाबायचा! हे चाललं होतं ते बरोबर माझ्या पायाखालून जाणाऱ्या एका तारेवर. त्या क्षणी मला त्या पेन्सिलच्या आकृत्यांचं, त्या वहीचं, रबराच्या बुटांचं एकदम महत्त्व पटलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या नेटकेपणाबद्दल देवाचे आभार मानले.

त्याने बोट भरधाव सोडली, आणि मग कुठलीही सूचना न देता जागच्या जागी गर्रकन फिरवली. याला तिथे हॅमिल्टन टर्न म्हणतात. मी याला काय म्हटलं ते नातू बरोबर असल्यामुळे पुढे सांगत नाही. नातू ओरडला, ‘पुन्हा!’ ग्रीस-आजोबा मात्र ना बर्फाकडे बघत होते ना आमच्याकडे. मान तिरकी, कान मागे. चाळीस मिनिटांनी म्हणाले, ‘बकेट थोडी ओढतेय. चला.’ मला काही ओढल्याचं जाणवलं नव्हतं. घरी येऊन पाच तास धुणं. या नद्या डोंगर दळून त्याचं पीठ आणतात. ते बारीक रेतीचं पीठ फटीफटीत बसतं, ग्रीसमध्ये मिसळलं की ग्रीसचीच कानस होते. म्हणून जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसायचं, मगच नवं. वरून नवं थापणाऱ्यांबद्दल त्याचं मत छापण्यासारखं नाही.

धुताना मी त्याच्याकडे हिलरीची गोष्ट काढली. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी 1977 साली जेटबोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाला होता. काठावर लोकांची गर्दी. अखेर नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी बोटी थांबल्या. ग्रीस-आजोबांना अर्थातच सगळं तोंडपाठ होतं. बोटींची नावंही: गंगा, एअर इंडिया आणि किवी. मी म्हटलं, केवढं साहस! तो थांबला. नळी हातात तशीच, पाणी माझ्या बुटांवर.

‘तुमच्या त्या नदीत गाळ किती असतो रे?’

म्हटलं, पुष्कळ.

‘मग केबली कोण बघत होतं?’

मला उत्तर देता आलं नाही. त्याला बहुधा रात्री झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दांड्याचा आवाज साडेपाचलाच सुरू झाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं निरोप घ्यायला गेलो. ही सोबत लाडू घेऊन. शेडला कुलूप होतं, याचंच आधी नवल वाटलं. मागच्या व्हरांड्यात आलो. त्या बाई वेताच्या खुर्चीत बसलेल्या, उजवा पाय समोरच्या स्टुलावर. खाली गुडघ्यावर बसलेले ग्रीस-आजोबा, बाजूला आमच्या तिळाच्या तेलाची बाटली, मांडीवर स्वच्छ फडकं. एका हाताने टाच धरलेली, दुसरा गुडघ्याखाली. पाय पूर्ण सरळ, पाय पूर्ण वाकवलेला. मान तिरकी, डोळे मिटलेले.

‘चौदा,’ बाई आमच्याकडे बघून म्हणाल्या. ‘बसा. वीस झाल्याशिवाय तो बोलणार नाही.’