एकशे आठातले आठ

बैलकुप्प्याच्या नामड्रोलिंग मठात पर्यटकांच्या माना वर असतात, सोनेरी बुद्धमूर्तींकडे. मान अवघडली की नजर आपसूक खाली येते आणि एखाद्या तिबेटी आजीच्या बोटांवर रेंगाळते. १९६०च्या दशकात हिमालय ओलांडून म्हैसूरच्या या शेतशिवारात वसलेल्या माणसांनी सोबत सामान थोडंच आणलं, पण जपाचा हिशेब मात्र आणला. माळेत मणी १०८. फेरा पुरा झाला की जमेला धरायचे शंभरच. वरचे आठ चुकांचे. एखादा मंत्र जिभेवरून घसरला असेल, दोन मणी एकदम सरकले असतील, मन मध्येच चहाच्या आधणाकडे डोकावून आलं असेल. निर्वाणाच्या वहीतही घसारा धरलेला!

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच समजूत 'सार्थ अंक' या भारदस्त नावाने वावरते. ब्युरेटवर रेघा असतात ०.१ मिलिलिटरच्या. दोन रेघांमधलं अंतर डोळ्याने अदमासायचं आणि लिहायचं १२.४३. पहिले तीन अंक खात्रीचे. शेवटचा तीन मात्र पंगतीत कडेला बसलेल्या लाजऱ्या पाहुण्यासारखा: आहे, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. त्याच्या पुढे कुणाला बसवायचं नाही, एवढाच नियम. मुलं मात्र १२.४३, १२.४४, १२.४४ यांची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढतात आणि पडद्यावरचं १२.४३६६६६६७ भक्तिभावाने वहीत उतरवतात. डोळा शतांशाशीच अडखळला होता. यंत्र बिचारं दशकोट्यंशापर्यंत एकटंच चालत गेलं.

उलटीही गंमत असते. १८५६ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने एव्हरेस्टची उंची जाहीर केली, २९,००२ फूट. सांगतात की गणितातून नेमके २९,००० आले होते. पण तीन शून्यं पाहून लोकांना तो ठोकताळा वाटेल, म्हणून वर दोन फूट चढवले. खरं बोलणाऱ्याला विश्वासासाठी थोडं खोटं बोलावं लागलं. शून्याचं दुःखच हे, की ते मोजून आलंय की आळसाने, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

खरं तर मणी मोजायचे असतात, मापायचे नसतात. १०८ म्हणजे १०८. तिथे शंकेला जागा नाही. तरी त्या हिशेबाने आठ सोडले, कारण शंका मण्यांबद्दल नव्हतीच, मोजणाऱ्या माणसाबद्दल होती. आपल्याकडे प्रसूतिगृहातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, त्यावरून जन्मवेळ मिनिटापर्यंत नोंदली जाते आणि पुढे पंचवीस वर्षांनी गुरुजी सांगतात, साडेअठ्ठावीस गुण जुळले. त्या अर्ध्या गुणाचा आत्मविश्वास पाहून मला नेहमी भरून येतं. छत्तिसातले आठ चुकांच्या नावे आधीच सोडावेत. उरलेल्या अठ्ठाविसात संसार होतो, आणि अर्ध्या गुणावाचून कुणाचं काही अडत नाही.