ओर्विएतोचा किल्लेदार

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची केबिन फाटकाच्या चुकीच्या बाजूला आहे. शत्रू आत शिरतो तेव्हा ढाल त्याच्या डाव्या हातात असते आणि उजवं अंग उघडं पडतं. म्हणून पहारा नेहमी त्याच्या उजव्या हाताला हवा. हा मुद्दा वार्षिक सर्वसाधारण सभेत, पार्किंग आणि पाणीपट्टी यांच्या मधोमध, लेखी मांडणारा गृहस्थ माझा मित्र आहे. शत्रू म्हणजे नेमका कोण, असं सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा त्यानं कुरिअरवाल्यांचं नाव घेतलं.

असा एक माणूस प्रत्येक मित्रमंडळात असतो. पावसाळ्यात शनिवारी रात्री तो फोन उचलत नाही, रविवारी अंगभर चिखल घेऊन परततो आणि सोमवारी ऑफिसात लंगडतो, पण अभिमानानं. नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत असली की बाल्कनीत उभा राहून ‘माची ऐसपैस आहे’ म्हणतो आणि जेवायच्या आधी गच्चीवरची पाण्याची टाकी बघून येतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा या माणसानं आळीभर पेढे वाटले. यादीत तोरणा नाही म्हणून प्रत्येकाला अर्धाच दिला.

आम्ही त्याला किल्लेदार म्हणतो. त्याला ते टोपणनाव वाटत नाही, हुद्दा वाटतो.

इटलीला जायचं माझं कारण अगदी साधं होतं. डोंगरावरचं एखादं जुनं गाव, चौकात खुर्ची, समोर कॉफी आणि उठायची घाई नाही. ओर्विएतोचा फोटो मी त्याला दाखवला तो चौकासाठी. त्यानं फोटो बोटांनी मोठा करत करत चौक पार पडद्याबाहेर घालवला आणि गावाखालच्या कड्यावर आणून थांबवला.

“चारी बाजूंनी तासलेला,” तो म्हणाला. “पाणी कुठून आणत होते?”

मला माहीत नव्हतं.

“येतो मी,” तो म्हणाला.

रोमहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर, उंब्रिया प्रांतात हे गाव लागतं. ज्वालामुखीची राख थिजून झालेलं एक पठार, त्याला सगळीकडून सरळसोट कडा, आणि वर घरं, चर्चं, मनोरे दाटीवाटीनं बसलेले. स्टेशनासमोरूनच वर जायला दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरत. तो जड होऊन खाली उतरे आणि खालच्याला वर ओढी. आता ती विजेवर चालते, काही मिनिटांत माणूस वर. मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सॅक पाठीला लावली.

“गडावर पहिल्यांदा जाताना पायीच जायचं असतं.”

“अरे, माझ्या बॅगेला चाकं आहेत.”

“लोकांनी तोफा चढवल्यात.”

झाडीपलीकडून डबा वर जाताना ऐकू येत होता. भर उन्हात, चाकांची बॅग हातात उचलून, मी तोफांचा विचार करत चढलो.

दरवाजाशी पोचल्यावर मी सावली धरली. तो कमानीची रुंदी पावलांनी मोजत होता. या गावाच्या दोन दरवाजांवर पोप आठव्या बोनिफासचे पुतळे बसवले होते. पुढे फ्रान्सच्या राजाशी त्याचं बिनसलं, तेव्हा वेशीवर स्वतःच्या मूर्ती मांडल्या म्हणून मूर्तिपूजेचा आरोपही त्याच्यावर आला.

“आपल्याकडे दरवाजावर शरभ असतो,” किल्लेदार म्हणाला. “शरभावर कोण आरोप ठेवणार?”

आत शिरल्याबरोबर १३६४ साली कार्डिनल अल्बोर्नोसनं बांधायला घेतलेला किल्ला आहे, म्हणजे आता बाग आहे. बाकांवर म्हातारी माणसं, मधून सायकलवरची पोरं. किल्लेदार तटाच्या कडेकडेनं फिरत असताना मी पुस्तकातून वाचून दाखवत होतो. गाव मूळचं एट्रुस्कन लोकांचं, तेव्हाचं नाव वेल्झ्ना. रोमनांनी ते इसवी सनापूर्वी २६४ मध्ये घेतलं, मोडलं आणि माणसं उठवून बोल्सेनाच्या सरोवराकाठी नेऊन बसवली.

“असा कडा आपण होऊन पडत नसतो,” तो खाली दरीत बघत म्हणाला. “आतलंच कुणीतरी फुटलं असणार.”

मी पान उलटलं. गावात दास्यातून सुटलेल्यांनी कारभार हातात घेतला होता, आणि तो परत मिळावा म्हणून गावच्याच उमरावांनी गुपचूप रोमला बोलावणं धाडलं होतं. किल्लेदारानं नुसती मान हलवली. इतिहासात फितुरी सापडली की या लोकांना फार वाईट वाटतं, आणि जरा बरंही वाटतं.

ओर्विएतोला येणारा माणूस म्हणजे कॅथेड्रल बघायला येणारा माणूस. १२९० साली पायाभरणी झालेल्या या इमारतीची दर्शनी भिंत सोनेरी मोझॅइकनं मढवलेली आहे, आणि खालच्या खांबांवर सृष्टीच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंत सगळं संगमरवरात कोरलंय. संध्याकाळचं ऊन पडलं की ती भिंत बघणाऱ्याची बोलती बंद करते. माझी झाली. वळून पाहतो तर शेजारी कुणी नाही. किल्लेदार बाजूच्या भिंतीला गेला होता. ती भिंत पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइनचा एक पट्टा, काळ्या बेसाल्टचा एक, अशी रचलेली आहे. तो काळ्या पट्ट्यावर तळवा टेकून उभा होता.

“बेसाल्ट,” तो म्हणाला. आवाज भरून आला होता. “आपला दगड.”

दगड तिथलाच होता, पण अशा वेळी भूगोल काढू नये. आल्यापासून तो गावच्या मऊ, पिवळसर दगडाला नाकं मुरडत होता. नखानं खरवडला जाणारा दगड हा त्याच्या लेखी दगडाच्या जातीला लागलेला बट्टा.

आतल्या एका चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीनं १४९९ मध्ये हाती घेतलेली भित्तिचित्रं आहेत. जगाचा अंत, मेलेल्यांचं उठणं, पापी लोकांचे हाल. नागड्या देहांचे पीळ त्यानं असे रंगवलेत की बघताना आपलीच पाठ धरते. लोक माना वर करून कुजबुजत होते. पापी लोकांच्या चित्रात वर तीन देवदूत चिलखत घालून उभे आहेत आणि आभाळातून सैतान खाली कोसळतायत.

“कडेलोट,” किल्लेदार म्हणाला, कुजबुजत नव्हे. “आणि ते तिघं बालेकिल्ल्यावर. जागा बरोबर धरलीय.”

सावकाश जगू पाहणाऱ्या गावांची चित्तास्लो नावाची एक संघटना १९९९ मध्ये इटलीत निघाली. तिचं मुख्यालय ओर्विएतोत आहे आणि बोधचिन्ह गोगलगाय आहे. अशा गावात दुपारी दुकानांची दारं ओढून लोक झोपायच्या तयारीत असताना माझा मित्र गडप्रदक्षिणेला निघाला. कड्याच्या पायथ्यानं सुमारे पाच किलोमीटरची पायवाट आहे. मी चौकात कॉफी घेऊन बसलो. अख्ख्या सुट्टीतली माझी खरी सुट्टी तेवढीच. तो परतला तेव्हा मान भाजून लाल झाली होती आणि शिडी कुठे लावता येईल त्या जागा कागदावर उतरवलेल्या होत्या.

गावाच्या पोटात हजाराच्या वर भुयारं आणि तळघरं आहेत. दगड मऊ, त्यामुळे ज्याला जे हवं ते त्यानं खणून घेतलं. तेलाचा घाणा खाली, दारूची पिंपं खाली. काही दालनांच्या भिंतीत शेकडो चौकोनी कोनाडे आहेत आणि कड्याच्या अंगाला एक झरोका. किल्लेदार आधी ‘दिव्यांचे’ म्हणाला, मग बंदुकीच्या जंग्या असाव्यात असं त्याला वाटू लागलं. वाटाड्या बाईंनी सांगितलं, कबुतरांची घरटी. कबुतरं झरोक्यातून बाहेर जायची, स्वतःच्या खर्चानं चरायची, परत येऊन पिल्लं घालायची आणि घरमालक ती खायचा. कबुतरांना दाणे घालावेत की नाही यावर आपल्याकडे एवढं रण पेटतं. इथं दाणा न घालता हिशेब चुकता होत होता.

“रसद,” किल्लेदार डोळे मिटून म्हणाला. “वेढ्यात चालून येणारी रसद. उडून.”

आणि मग ती विहीर. १५२७ साली बादशहा पाचव्या चार्ल्सच्या फौजेनं रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कित्येक महिने कोंडून पडला, मग वेष पालटून निसटला तो ओर्विएतोला. (इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील आपल्या राजाचं लग्न मोडून मागायला इथंच येऊन थडकले. जीव घेऊन पळालेल्या माणसाच्या दारी असलं प्रकरण नेण्याइतका निगरगट्टपणा राजदूतांनाच जमतो.) आता वेढा पडला तर? कड्यावर शत्रू चढायचा नाही, पण पाणी? म्हणून क्लेमेंटनं आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुशिल्पज्ञाला विहीर खणायला सांगितली. सुमारे ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद, आणि मधल्या पोकळीभोवती एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. पायऱ्या रुंद आणि बुटक्या, कारण त्या खेचरांसाठी होत्या. रिकामं खेचर एका जिन्यानं उतरायचं, तळाच्या छोट्या पुलावरून पलीकडे जायचं आणि पाणी लादून दुसऱ्या जिन्यानं वर यायचं. उतरणाऱ्याची आणि चढणाऱ्याची गाठच पडत नसे. उजेडाला ७० खिडक्या.

किल्लेदार गप्प झाला. एवढा वेळ गप्प राहिलेला मी त्याला पाहिला नव्हता. तळाच्या पुलावर लोक नाणी टाकत होते, मोबाइल आडवे धरून वरच्या उजेडाचा गोल टिपत होते. तो मात्र खिडकीतून समोरच्या जिन्यावरची माणसं बघत होता, माणसं म्हणजे खेचरं समजून.

“पन्हाळ्यावर अंधारबाव आहे,” तो अखेर म्हणाला. “तीन मजली. पण...”

हा ‘पण’ मी त्याच्या तोंडून परदेशात प्रथमच ऐकला.

वर प्रवेशाशी एक लॅटिन लेख आहे. या दुर्गाला निसर्गानं जे दिलं नाही ते माणसाच्या उद्योगानं मिळवून दिलं, असा त्याचा भाव. तो मी सांगितल्यावर किल्लेदार थेट रामचंद्रपंत अमात्यांवर गेला. गड बांधायचा तर आधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, हे आज्ञापत्रात आहेच. म्हणजे पोप आणि अमात्य यांचं एकमत झालं. मूळ पोप विहीर पुरी व्हायच्या आधीच, १५३४ मध्ये वारला, आणि ज्या वेढ्याच्या धास्तीनं ती खणायला घेतली तो त्याच्या हयातीत पडलाच नाही, हे मात्र किल्लेदाराच्या मनाला लागलं. “एवढी तयारी!” असं तो जेवतानाही म्हणत होता.

या माणसाला सौंदर्यदृष्टी नाही असं मी पूर्वीपासून म्हणत आलोय आणि अजूनही म्हणेन. पण ज्यांनी ही गावं डोंगराच्या टोकावर नेऊन ठेवली त्यांना तरी सूर्यास्त कुठे बघायचा होता? ती भ्यालेली माणसं होती. आपण कॉफी पीत ज्याला देखावा म्हणतो, त्याला ती टेहळणी म्हणत. एवढ्या प्रवाशांत त्यांच्या जातीचा एकटा माझा मित्र.

जेवताना पाव आला तो अळणी. १५३७ मध्ये ही विहीर पुरी करवली ती तिसऱ्या पॉल पोपनं. त्याच पोपनं १५४० मध्ये मिठावर कर वाढवला, पेरुजा शहरानं बंड केलं आणि तेव्हापासून उंब्रियाच्या लोकांनी पावात मीठ घालणंच सोडलं, अशी कहाणी इकडे सांगतात. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. किल्लेदारानं तत्काळ ठेवला.

“पाणी दिलं आणि मीठ काढून घेतलं,” तो म्हणाला. “प्रजेनं मग कोणत्या मिठाला जागायचं?” आणि सॅकमधून शेंगदाण्याची चटणी काढून त्यानं पावावर पसरली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारपूस केली, चाखली, नाकातोंडातून पाणी आलं तरी छान म्हणाल्या.

संध्याकाळी किल्ल्याच्या बागेत तो दिसेना म्हणून शोधत गेलो. एका बाकाजवळ तो आणि गावचे एक आजोबा वाकून बसले होते. आजोबांनी काठीनं मातीत गावाचा नकाशा काढला होता. किल्लेदार बुटाच्या टोकानं त्यात दुरुस्त्या करत होता. आजोबा इटालियन बोलत होते, हा मराठी, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. आजोबांनी वितेर्बो शहराचं नाव घेऊन हात झटकला. “मोगल,” किल्लेदारानं मला समजावलं. शेजारी आजोबांची म्हातारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. नकाशा तिला पाठ असावा.

दुसऱ्या दिवशी बसनं चिवीता दी बान्योरेज्जोला गेलो. हे तर ओर्विएतोहून चिमुकलं. वर मऊ खडक, खाली माती, आणि कडा ढासळत ढासळत गाव चहूबाजूंनी कुरतडलं गेलंय. संत बोनाव्हेंतुराचं जन्मघर कधीच दरीत गेलं. राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. जायला एकच वाट, लांबलचक पादचारी पूल, आणि तो ओलांडायला तिकीट. तिकिटाला किल्लेदार जकात म्हणाला आणि आनंदानं भरली. पुलाच्या तोंडाशी मात्र तो थबकला. लोक बाजूनं पुढे जात होते, हा कठड्याला टेकून उभा.

“एकच वाट, तीही उघड्यावर,” तो म्हणाला. “समोरून जाण्यात अर्थ नाही. रात्री, मागच्या कड्यानं.”

“आपल्याकडे तिकीट आहे,” मी म्हटलं.

तो ऐकत नव्हता. पुलाच्या कठड्यावर एक बोटभर लांबीची पाल ऊन खात बसली होती. किल्लेदारानं तिच्याकडे निरखून पाहिलं, मग समोरच्या कड्याची उंची नजरेनं जोखली आणि नकारार्थी मान हलवली.

“हिला दोर पेलायचा नाही,” तो म्हणाला, आणि मुकाट्यानं तिकीट दाखवायला निघाला.