पुरावेवाले अण्णा

अण्णा भेटले की आधी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघावं. मोबाईल उलटा, म्हणजे माईक वर, आणि पातळ पांढऱ्या कापडातून स्क्रीनचा उजेड दिसत असेल, तर समजावं की आपलं बोलणं पुराव्यात जमा होतंय.

असे अण्णा रत्नागिरीत आळीला एखादे तरी सापडतात. काका-पुतण्यांच्या नावांनी भरलेला सातबारा, हद्दीवरचं हापूसचं कलम आणि गडग्याचे सरकलेले चार चिरे, एवढ्या भांडवलावर असा माणूस तयार होतो. पाळतीची परंपरा तशी गावाला जुनी. ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा 1886 ते 1916 आणि सावरकर 1924 ते 1937 इथे सरकारच्या नजरेखाली राहिले. सरकारला त्यासाठी पगारी माणसं ठेवावी लागली. अण्णा हे विनावेतन करतात.

त्यांचं दैवत म्हणजे मलकानी खटला. मुंबईच्या कॉरोनरच्या लाचेचं टेलिफोनवरचं बोलणं, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीनं टेप झालं आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुरावा म्हणून मान्य केलं. अण्णांनी यातलं 'टेप चालते' एवढंच उचललं. आवाज ओळखू यावा, मुद्द्याशी संबंध असावा, काटछाट नसावी, या अटी राहूनच गेल्या. अण्णांच्या टेपमध्ये असतं काय? आधी खाकरून "आज दिनांक अमुक, वार अमुक", मग कापडाची खसखस, मग पत्र्यावरचा पाऊस आणि लांबून कुणाचं तरी "चहा घेणार ना?" यावर हद्द कशी सरकवायची, हे त्यांच्या वकिलांना अजून उमगलेलं नाही.

शिवाय बोलणाऱ्यांत आपण स्वतः असणं वेगळं आणि शेजाऱ्याच्या पडवीत मोबाईल 'विसरून' येणं वेगळं. 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात 9 न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, असं सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "तो माझा. त्यांचं काय खासगी राहिलंय? सगळं मला माहीत आहे!"

मे 2022 मध्ये गूगलनं कॉल टेप करणाऱ्या बाहेरच्या अॅपांची वाट बंद केली आणि अण्णांवर आभाळ कोसळलं. फोनमधली मूळ सोय वापरावी, तर ती आधी जाहीर सांगून मोकळी होते. चिपळूणच्या धाकट्या भावाला फोन लावला, तर मधेच एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"अण्णा, ही कोण हो बाई?"

"कुठली बाई?"

"वहिनी घरात आहेत ना?"

पुढचं सगळं बोलणं हद्दीऐवजी बाईवरच झालं. आणि तेवढं मात्र स्वच्छ टेप झालं.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: नवराबायकोनं एकमेकांचे चोरून टेप केलेले फोनसुद्धा घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतात. अण्णांनी ती बातमी जेवताना मोठ्यानं वाचली. काकू "हो का?" म्हणाल्या आणि त्यांनी आपला मोबाईल आणून आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवला. तेव्हापासून अण्णा मीठ कमी पडलं तरी ब्र काढत नाहीत.

घराबाहेर काम चालूच आहे. तेव्हा रत्नागिरीत जागा बघायला आलात आणि कुणी फारच आपुलकीनं चौकशी करू लागलं, तर पावसावर बोला, हापूसच्या भावावर बोला. हद्दीचं निघालंच, तर भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा काढून गप्प समोर धरा. तो टेप होत नाही.